आठवीची एनएमएमएस परीक्षा: अर्जापासून बारावीच्या शेवटच्या हप्त्यापर्यंत

तुमचं मूल यंदा आठवीत असेल, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल आणि घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे सगळे जिला एनएमएमएस म्हणतात ती, तुमच्याच मुलासाठी आहे. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,०००. वह्या, गाईड, परीक्षा फी, तालुक्याच्या गावी राहायचं असेल तर खोलीचं भाडं, या सगळ्याला या पैशांचा मोठा आधार होतो. शिवाय मुलांना हे पैसे स्वतःच्या मेहनतीचे वाटतात, याचं मोल वेगळंच.

आमची मुलगी या परीक्षेतून गेली. तिची बारावी होईपर्यंत हा सगळा व्यवहार मी सांभाळला आणि तेव्हापासून ओळखीतल्या मुलांचे कागद तपासून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: परीक्षा हा यातला निम्माच भाग आहे. हुशार मूल परीक्षेत निवडलं जातं आणि पुढे आधारवरचं नाव, बँकेचं खातं किंवा नववीतला राहून गेलेला अर्ज यापायी पैसे हातात येत नाहीत. म्हणून इथे अभ्यासाइतकंच कागदांबद्दलही लिहिते आहे.

१. परीक्षा कोणती, ते आधी नक्की करा

शाळेत ‘स्कॉलरशिप’ हा शब्द दोन परीक्षांसाठी वापरला जातो. एक राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आणि दुसरी ही, केंद्राच्या योजनेची. दोन्ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदच घेते, त्यामुळे गोंधळ होतो. अर्ज वेगळे, प्रश्नपत्रिका वेगळ्या, रक्कम वेगळी. शाळेत विचारताना ‘स्कॉलरशिपचा फॉर्म भरला का’ असं विचारू नका. ‘एनएमएमएसचा फॉर्म भरला का’ असंच विचारा.

ही परीक्षा २००७-०८ पासून होते. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या असतात, त्यातल्या ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला येतात आणि त्या जिल्ह्यांत वाटल्या जातात. निवड जिल्ह्याच्या आणि प्रवर्गाच्या गुणवत्ता यादीनुसार होते. म्हणजे तुमच्या मुलाची स्पर्धा मुख्यतः आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांशी आहे. हे मुलालाही सांगा, निम्मी भीती तिथेच जाते.

२. मूल बसू शकतं का?

आठवीत नियमित शिकत असलं पाहिजे. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के चालतात. आई-वडील दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको.

शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, जवाहर नवोदय आणि सैनिकी शाळेतल्या मुलांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही. राहणं, जेवण आणि शिक्षण शासनाकडूनच होतं अशा निवासी शाळांतली मुलंही अपात्र ठरतात. आपली शाळा ‘अनुदानित’ आहे की नाही याचा अंदाज बांधू नका, मुख्याध्यापकांना थेट विचारा. गावात ‘हायस्कूल’ म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक शाळा अनुदानित असतेच असं नाही.

३. कागद पावसाळ्यातच गोळा करा

अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि परीक्षा बहुधा डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी असते. अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर दाखल्यासाठी धावाधाव सुरू केली तर तहसीलमध्ये गर्दी, तलाठी भाऊसाहेब फिरतीवर, सर्व्हर बंद, असं सगळं एकदम आडवं येतं. लागणारे कागद हे:

- मुलाचं आधार कार्ड, बायोमेट्रिक अद्ययावत केलेलं
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- सातवीचं गुणपत्रक
- राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला
- दिव्यांग असेल तर किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो आणि मुलाची सही
- चालू असलेला मोबाइल नंबर, शक्यतो आधारला जोडलेला
- मुलाच्या नावाचं बँक पासबुक (परीक्षेला लागत नाही, पण पुढे लागणारच)

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून काढता येतो. त्यासाठी रेशन कार्ड, आधार, तलाठ्यांचा उत्पन्न अहवाल किंवा नोकरी असेल तर पगाराचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र लागतं. दाखला हातात आला की रकमेचा आकडा आणि अक्षरी रक्कम जुळते का, ते तिथेच उभं राहून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जेवणाच्या वेळेआधी शांतपणे बसा आणि तीन कागद शेजारी शेजारी ठेवा: आधार, शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा किंवा बोनाफाईड, आणि बँकेचं पासबुक. तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मराठीत नाव बरोबर असतं आणि इंग्रजीत घोळ असतो. ‘प्रतीक्षा’ या नावातला ‘ती’ एका कागदावर इंग्रजी दोन ‘ई’ घालून लिहिलेला, दुसरीकडे एका ‘आय’वर भागवलेलं. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. माणसाला हे फरक क्षुल्लक वाटतात, संगणकाला ती दोन वेगळी मुलं वाटतात.

दुरुस्ती कशात करायची? शाळेच्या रजिस्टरची नोंद मूळ धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या. शाळेची नोंद बदलणं फार किचकट आहे, आधारची दुरुस्ती त्यामानाने सोपी. मात्र तीही लगेच होत नाही, म्हणून हे काम पावसाळ्यातच उरकायचं.

४. अर्ज शाळा भरते, पण तो तुम्ही वाचा

या परीक्षेचा अर्ज पालकांनी घरून भरायचा नसतो. परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर शाळेचं लॉगिन असतं, तिथूनच तो भरला जातो आणि शुल्कही शाळाच ऑनलाइन भरते. सायबर कॅफेवाला ‘मी भरून देतो’ म्हणाला तर नको म्हणा.

एखादी शाळा दरवर्षी पाच-सहाच मुलं बसवते, ‘हुशार तेवढीच’ म्हणून. नियमात तसं काही नाही. पात्र असलेलं प्रत्येक मूल बसू शकतं. मागच्या बाकावरचं मूल आकृत्यांच्या प्रश्नांत भल्याभल्यांना मागे टाकतं, हे मी पाहिलं आहे. शाळेने टाळाटाळ केली तर नम्रपणे, पण लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शाळेने अर्ज भरला की त्याची छापील प्रत मागा आणि चार गोष्टी वाचा: नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, प्रश्नपत्रिकेचं माध्यम. परीक्षा मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तेलगू आणि कन्नड माध्यमांत होते. सेमी इंग्रजीच्या मुलांचं माध्यम भरताना हमखास घोळ होतो. मूल विज्ञान-गणित कुठल्या भाषेत शिकतं आणि इतिहास-भूगोल कुठल्या, हे वर्गशिक्षकांशी बोलून ठरवा.

५. मानसिक क्षमता चाचणी: इथे सरावाला पर्याय नाही

परीक्षेत दोन पेपर असतात. प्रत्येकात ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिला पेपर बौद्धिक चाचणीचा, ज्याला शाळेत ‘मॅट’ म्हणतात. संख्यामाला, अक्षरमाला, वर्गीकरण, समसंबंध, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, दिशा, नातेसंबंध असे प्रश्न. हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात धडा म्हणून नाहीत, त्यामुळे शाळेत पहिला येणारा मुलगाही पहिल्यांदा गांगरतो.

दोन उदाहरणं बघा. ३, ८, १५, २४, ३५, ? इथे मुलाने आधी फरक काढायचे: ५, ७, ९, ११. पुढचा फरक १३, म्हणून उत्तर ४८. आता त्याच मालेकडे दुसऱ्या बाजूने बघायला लावा: ४ वजा १, ९ वजा १, १६ वजा १... म्हणजे वर्गसंख्येतून एक कमी. ४९ वजा १ म्हणजे पुन्हा ४८. एक प्रश्न दोन वाटांनी सोडवायची सवय लागली की मूल अडत नाही. त्यासाठी १ ते ३० चे वर्ग आणि १ ते १५ चे घन तोंडपाठ हवेत.

दुसरं उदाहरण: रांगेत ओंकार डावीकडून १२वा आणि उजवीकडून १९वा आहे, तर रांगेत मुलं किती? घाईत मूल ३१ म्हणतं, आणि पर्यायांत ३१ दिलेलंच असतं. ओंकार दोनदा मोजला गेला, म्हणून एक वजा करायचा, उत्तर ३०. मुलाचं उत्तर चुकलं तर नुसतं बरोबर उत्तर सांगून पुढे जाऊ नका. ‘तू ३१ कसे काढलेस, ते बोलून दाखव’ म्हणा. बोलता बोलता चूक त्याची त्यालाच सापडते आणि ती पुन्हा होत नाही.

एका प्रश्नाला एक मिनिट, हे गणित पहिल्या महिन्यात लावू नका. आधी प्रकार समजू द्या, दिवाळीनंतर घड्याळ लावा. तेव्हा दोन फेऱ्यांची सवय लावा: पहिल्या फेरीत येतं ते सोडवायचं, अडलं ते पेन्सिलीने खूण करून सोडायचं, दुसऱ्या फेरीत परत यायचं. गुण कापत नसल्यामुळे शेवटी एकही गोल रिकामा ठेवायचा नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. जाडजूड गाईड विकत घेण्याआधी त्या सोडवा. महागड्या क्लासची गरज आहे असं मला मुळीच वाटत नाही. मनापासून शिकवणारे एक गुरुजी किंवा बाई आणि रोज तासभर, एवढं पुरतं.

६. शालेय क्षमता चाचणी: सातवीची पुस्तकं रद्दीत देऊ नका

दुसरा पेपर सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमावर. विज्ञानाचे ३५ प्रश्न (भौतिकशास्त्र ११, रसायनशास्त्र ११, जीवशास्त्र १३), समाजशास्त्राचे ३५ (इतिहास १५, भूगोल १५, नागरिकशास्त्र ५) आणि गणिताचे २०. हे आकडे भिंतीवर लावून ठेवा. मुलं गणितातच महिने घालवतात आणि इतिहास-भूगोलाचे ३० गुण शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. तिथेच यादीत वर-खाली होतं.

पाठ्यपुस्तक ओळीओळीने वाचायचं. भूगोलात ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ हा पाठ घ्या. दर रेखावृत्ताला ४ मिनिटांचा फरक, भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून, एवढं डोक्यात बसलं की ग्रीनिचला दुपारचे बारा वाजले असता आपल्याकडे साडेपाच का, हे मूल स्वतः काढतं. पाठ करून हा प्रश्न सुटत नाही, कारण परीक्षेत रेखावृत्त दुसरंच असतं.

डिसेंबरपर्यंत शाळेत आठवीचा सगळा भाग शिकवून होत नाही. पुस्तकातले शेवटचे धडे सुट्टीत घरी वाचून घ्या. पुस्तक नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत आहे.

७. परीक्षेचा दिवस

प्रवेशपत्र शाळेच्या लॉगिनवर येतं. केंद्र बहुतेक तालुक्याच्या गावी असतं आणि रविवारी सकाळच्या गाड्या कमी, म्हणून जायची सोय आदल्या दिवशीच करा. काळ्या किंवा निळ्या शाईची दोन बॉलपेनं, पाण्याची बाटली, मधल्या सुट्टीचा डबा. गोल पूर्ण भरायचा, खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच; एका प्रश्नाला दोन गोल भरले तर गुण जातो. घरी एकदा कोऱ्या उत्तरपत्रिकेवर गोल भरायचा सराव द्या. दिव्यांग मुलांना वाढीव वेळ मिळतो, त्याची नोंद अर्जातच झालेली असली पाहिजे.

८. उत्तरसूची, गुणयादी, निवडयादी

आधी अंतरिम उत्तरसूची लागते. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर ठरलेल्या मुदतीत पुराव्यासह ऑनलाइन हरकत घेता येते. मग गुण जाहीर होतात. पात्र ठरायला दोन्ही पेपर मिळून १८० पैकी ४० टक्के, म्हणजे ७२ गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना ३२ टक्के.

इथे पालक फसतात. ७२ मिळाले म्हणजे पास, पण पास म्हणजे निवड नव्हे. शिष्यवृत्ती निवडयादीत नाव आलेल्यांनाच मिळते. गुण जाहीर झाल्यावर नाव किंवा प्रवर्ग चुकला असेल तर दुरुस्तीसाठी शाळेमार्फत थोडी मुदत मिळते. प्रवर्ग चुकीचा राहिला तर मूल चुकीच्या यादीत मोजलं जातं, म्हणून त्या दिवसांत शाळेत एक चक्कर माराच.

मूल पास झालं पण निवड झाली नाही आणि तुम्ही मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा असाल, तर सारथीची, म्हणजे याच समाजासाठीच्या राज्य शासनाच्या संस्थेची, छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ९,६०० रुपये. तिचा अर्ज वेगळा, शाळेतूनच.

९. नववीतला अर्ज: इथे सगळ्यात जास्त मुलं गळतात

निवडयादीत नाव आलं, पेढे वाटले, शाळेत सत्कार झाला. पैसे अजून सुरू झालेले नाहीत. ते सुरू होण्यासाठी मुलाने नववीत गेल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, नवीन अर्ज भरायचा असतो. नवीन अर्ज नववीतच भरायचा.

खेड्यांतली खरी अडचण अशी: जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंतच असते, मूल नववीला दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातं. जुन्या शाळेला वाटतं, आता ते आपलं मूल नाही. नव्या शाळेला माहीतच नसतं की हे मूल निवडलं गेलं आहे. मधल्या मध्ये तारीख निघून जाते. म्हणून नववीच्या प्रवेशाच्या वेळीच गुणपत्रक, बैठक क्रमांक आणि निवडयादीचं पान नव्या मुख्याध्यापकांच्या हातात द्या. आणि ती नवी शाळाही अनुदानितच हवी, हे प्रवेश घेण्याआधी पाहा.

पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी असते, ओटीआर. ती आधारवरून होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे दरवर्षी लागतो. मग अर्जात नव्या शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, टाकून शाळा निवडायची. जुनी शाळा निवडली गेली तर अर्ज तिकडे जाऊन पडून राहतो.

अर्ज सबमिट केला म्हणजे काम झालं असं समजू नका. आधी शाळेचे नोडल अधिकारी पडताळणी करतात, मग जिल्ह्याचे. दोन्ही ठिकाणची मुदत वेगळी. मुलाच्या लॉगिनवर अर्जाची स्थिती दर आठवड्याला बघा. ‘त्रुटी’ दाखवून अर्ज परत आला असेल तर तो दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो, आणि त्याचा निरोप कुणी घरी आणून देत नाही.

१०. बँक खातं

खातं मुलाच्या नावाचं हवं आणि ते आधारशी ‘सीड’ झालेलं हवं. ‘खात्याला आधार लिंक आहे’ आणि ‘शासनाचे पैसे यायला आधार सीड आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बँकेच्या काउंटरवरसुद्धा नीट सांगितलं जात नाही. एका आधारला पैसे जमा होण्यासाठी एका वेळी एकच बँक जोडलेली असते, शेवटी जिथे सीडिंग केलं ती. त्यामुळे मुलाचं दुसरीकडे कुठे खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असू शकतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की बँकेचं नाव दिसतं. ‘पैसेच आले नाहीत’ म्हणणाऱ्या पालकांना मी आधी हेच बघायला सांगते.

दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. अधूनमधून शंभर रुपये भरा, काढा. केवायसी वेळेवर करा.

११. दरवर्षीचं नूतनीकरण आणि दहावीनंतरचा फाटा

शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालत नाही. दहावी, अकरावी, बारावीत दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज भरायचा. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात गेलं पाहिजे. दहावीला किमान ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५५.

दहावीच्या निकालानंतर घरात जी चर्चा होते, तीत हा मुद्दा असू द्या. पॉलिटेक्निक, आयटीआय किंवा दुसऱ्या कुठल्या पदविका-प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला गेलं तर ही शिष्यवृत्ती थांबते. विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात गेलं तरी थांबते. मुलाची आवड पॉलिटेक्निकची असेल तर २४,००० रुपयांसाठी त्याला अडवू नका, तिथे फीसवलतीच्या दुसऱ्या योजना आहेत. पण अकरावीच करायची असेल आणि शेजारी शेजारी दोन कॉलेजं असतील, तर अनुदानित कोणतं हे विचारूनच प्रवेश घ्या. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असतात. आपलं मूल कुठल्या तुकडीत जातंय, ते प्रवेश पावतीवर बघून घ्या.

अकरावीत शाळा बदलते, म्हणजे यूडायस क्रमांक पुन्हा बदलतो आणि नव्या कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्यांना पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. कॉलेजात असा एखादाच विद्यार्थी असला तर तिथल्या लिपिकालाही पोर्टलची सवय नसते. मुलाला सोबत घेऊन जा, ओटीआर क्रमांक आणि मागच्या वर्षीच्या अर्जाची प्रत दाखवा. बारावीच्या वर्षी बोर्ड आणि सीईटीच्या गडबडीत शेवटचा अर्ज हमखास विसरला जातो. त्याची तारीख तुम्ही लक्षात ठेवा, मुलाला अभ्यास करू द्या.